सात नंबरच्या खुणा

बोकारे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाडीतल्या खोलीवर झाडांना ठोकायचे नंबरचे पत्रे कापत होतो. "सर गेले गा," आमचा ड्रायव्हर म्हणाला. मी "बरं" म्हणालो आणि आणखी दोन पत्रे कापले. रडू आलं नाही, याची महिन्यानंतरही मला भीती वाटते...

मी सावंतवाडीकडचा, आठवीत शाळा सोडलेला. इकडं येऊन गोदामात पोती उचलत होतो, तिथून जंगलाचा अभ्यास करणाऱ्या सरांनी झाडं मोजायच्या कामाला नेलं. कुठं तोड करायची, कुठं थांबायचं हे अंदाजानं ठरू नये, म्हणून त्यांनी जंगलात कायमचे चौकोन आखले होते. दरवर्षी तीच झाडं, छातीच्या उंचीला तोच रंगाचा पट्टा, तिथंच टेप लावून घेर मोजायचा. एकदा वाळलेला साग मी वगळला, तर म्हणाले, "काहून गा, मेलेल्याची हजेरी तुहा बाप घेईल?" दोघंही हसलो. नीट लिहायला मी मोजणीच्या वह्यांतच शिकलो. हे उपकार फिटायचे नाहीत.

सात नंबरच्या चौकोनात सरांच्याच सल्ल्यानं तोड झाली होती. ऊन पोचलं की सागाची रोपं येतील, म्हणाले होते. तीन वर्षं मी गुडघ्यांवर बसून शोधलं. नुसती घाणेरीची झुडपं माजलेली. आणि सरांच्या अहवालात छापून आलं : 'क्षेत्र सात, खुणा न सापडल्याने मोजणी रद्द.' खुणा करणारा मी होतो.

"सर, खुणा होत्या ना?"

"होत्या."

"मग?"

"माहं नाव गेलं तर बाकीचे चौकोन कोण मोजू देईल, सांग मले?"

माझ्या नावाचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. पुढं गाडीत पोरं चिडवायची, "याले समोर नको बसवू, रस्ता हरवते हा!" सर पुढच्या सीटवर ऐकत असायचे. एकदाही मागं वळले नाहीत. आजारपणात त्यांनी दोनदा बोलावलं... मी गेलो नाही.

शोकसभेत मी फक्त उपकारांचं बोललो. मागच्या आठवड्यात सरांच्या जागी आलेल्या नव्या मॅडम चौकोनांची यादी घेऊन बसल्या. "सात सोडायचा ना? सापडत नाही म्हणे." नोकरी जाईल असं वाटलं, तरी मी गाडी तिकडे वळवायला सांगितली. पट्टे फिकट झाले होते, पण होते.

"मग तसं लिहिलं कोणी?"

"सरांनी."

त्यांनी वही उघडली. मी घाणेरी बाजूला सारत चौकोनभर फिरलो. लिहिणाऱ्याची चूक होऊ नये म्हणून सर प्रत्येक आकडा दोनदा म्हणवून घ्यायचे.

"रोपं शून्य," मी ओरडलो. थांबलो. "शून्य."