नलिनीताईंचा सातचा आकडा

नलिनीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. रडू आलं नाही. मनात आलं, आता खाडीच्या नोंदी तुटणार... आणि त्या विचाराची लाज वाटली. पण ही सवय ताईंनीच लावलेली. ठाण्याच्या खाडीत आणि बांगलादेशातल्या एका नदीत खारं पाणी किती वर चढतंय, हे आम्ही दोन्ही देशांच्या एकत्र निधीतून मोजत होतो. नोंदींत खंड पडला तर पुढचा निधी मिळणार नव्हता.

कुणी मनचे आकडे घालू नयेत म्हणून ताईंनी एक पद्धत पाडली होती. सकाळी सातला खाडीवर पाण्याचा खारेपणा मोजून त्या फोन करायच्या. आपला आकडा तिकडच्या रफीकभाईंनी लिहायचा, त्यांचा ताईंनी. "आपल्या आमटीचं मीठ शेजारणीला विचारावं गं," म्हणायच्या. हट्टी बाई. अंगात ताप असला तरी वर्तकनगरहून रिक्षा करून खाडीवर हजर. मी चिडायचे.

तेराव्यानंतर खंड कळवायला म्हणून दोन्हीकडचा मिळून असलेला ऑनलाइन तक्ता उघडला. रफीकभाईंच्या आकड्यांचा रकाना ताई भरायच्या, तो त्या गेल्यापासून रिकामा होता. आमचा मात्र रोजच्या रोज भरलेला! रफीकभाई मनचे आकडे लिहितायत असं वाटून माझं डोकंच फिरलं. फोन लावला.

"मॅडम तो रोज फोन करता है," रफीकभाई मोडक्या हिंदीत म्हणाले. "अभी थोडा धीरे बोलता है."

मी बातमी सांगितली. 

मग खाडीवर गेले, तर तिथल्या होडीवाल्या आत्मारामकाकांनी रोज सातला बाटली भरून सील करून ठेवली होती. "बाईंनी सांगलेलं, मी नाय आली तरी पानी भर. मापाया मला कुठं येतंय!" मी एकेक बाटली उघडून मोजली. तेराही आकडे तक्त्याशी दशांशापर्यंत जुळले. भीती वाटली आणि, खरं सांगते, बरंही वाटलं. रफीकभाईंचे राहिलेले आकडे मी त्यांच्याकडून लिहून घेतले. निधी देणाऱ्या समितीला बाकी काही कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सातला मी स्वतः पाणी मोजलं आणि फोन केला. मी तोंड उघडायच्या आत रफीकभाई हलकेच म्हणाले, "लिख लिया, दीदी." त्यांनी वाचून दाखवलेला आकडा माझ्या हातातल्या मीटरवर होता.

तेव्हापासून तसंच चाललंय. आपला आकडा ताई सांगतात, पलीकडचा मी लिहिते. सातला मीटर पाण्यात धरते, आणि फोन करायची घाई करत नाही.