मधल्या बोटाची पट्टी

"पंधरा दिवसांत हे बोट वाकलं नाही तर कापू," सिव्हिल सर्जन म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

बोट काशीरामचं होतं, उजव्या हाताचं मधलं. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये त्याचा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला होता. जखम भरली, बोट ताठ राहिलं. ताठ बोट मुठीत आडवं येतं, आणि मूठ न वळणारा माणूस जिनिंगमध्ये कुणी ठेवत नाही.

बोट वाकवणं माझं काम. मी मुंबईला मसाज आणि एक्सरसाइजचं ट्रेनिंग घेतलं होतं. वॉर्डात मला मालिशवाली बाई म्हणत. महिनाभर मी ते रोज वाकवत होते. काशीराम डोळे मिटून घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी त्याचा मेहुणा गुलाबराव जुनी बाजाची पेटी घेऊन आला. पेट्या दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. पेटीच्या प्रत्येक पट्टीखाली तारेची स्प्रिंग असते. त्याने एका पट्टीची स्प्रिंग सैल केली, पण पट्टी पुरती दबल्याशिवाय सूर निघू नये अशी सोय केली. भाता तो स्वतः चालवी.

"बाई, तुमी त्याचं बोट वाकवता. इथं त्याले सोताच वाकवा लागते."

आठवड्यात बोट निम्मं वाकलं. गुलाबराव रोज स्प्रिंग थोडी कसायचा. भार हळूहळू वाढवावा, हे माझ्या पुस्तकात होतं. मला सुचलं नव्हतं. काशीराम त्याच्याशी बोलताना हसायचा. माझ्याशी कधीच नाही.

मी मेट्रनना सांगितलं, पेटीमुळे पेशंटांची झोपमोड होते. तक्रार एकाचीही नव्हती. पेटी कपाटात गेली, किल्ली माझ्याकडे आली.

तीन दिवसांत बोट पुन्हा आखडलं.

"आता कापतेच न, बाई?" काशीरामने विचारलं.

दुपारी मी गुलाबरावच्या दुकानात गेले.

"काहून, बाई? झाली का झोप पेशंटाची?"

"चला," मी म्हणाले आणि कपाटाची किल्ली त्याच्या हातात दिली.

पंधराव्या दिवशी साहेबांनी काशीरामच्या मुठीत रूळ देऊन ओढला. सुटला नाही. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, ही स्प्रिंगची मेथड कुठली?

"पुस्तकात आहे, सर," मीही इंग्रजीतच सांगितलं.

गुलाबराव भात्यावर हात ठेवून उभा होता. "काय म्हनले साहेब?"

"बोट राहिलं," मी म्हणाले.

आता केसच्या नोंदीत उपाय कुणाचा, हे मी आधी लिहिते. काशीरामच्या पानावर मात्र अजून माझंच नाव आहे.