दार उघडणारी बाई

आमचे हे गेले, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी दुपारी मोबाइलवर जुने काळेपांढरे अमेरिकन सिनेमे पाहायला लागले. सौंसरच्या शाळेत मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण त्या लोकांचं बोलणं मला अर्धंमुर्धंच कळे. म्हणून खाली अक्षरं लावून पाहायची.

तिसऱ्या की चौथ्या सिनेमात ती दिसली. रुंद चेहऱ्याची, जाडसर, कमरेला एप्रन. हिरो घंटी वाजवतो, ती दार उघडते, "मालकीणबाई वर आहेत," म्हणते आणि बाजूला होते. एवढंच काम. दोन दिवसांनी दुसऱ्या सिनेमात तीच बाई, पण नर्स झालेली. मग खानावळवाली, मग कुणाची तरी चिडकी आत्या. नावांच्या पाट्या थांबवून थांबवून मी तिचं नाव शोधलं. ते अगदी तळाशी असे.

मग मी हिरोहिरोइनींना सोडून तिलाच शोधत राहिले. कपाटातली एक कोरी वही घेतली आणि तिचे सिनेमे वर्षांप्रमाणे लिहून काढले. तरुणपणी मोलकरीण, पुढे आई, त्याच्याही पुढे म्हातारी शेजारीण. एकाच सिनेमात तिला एक सबंध प्रसंग मिळाला होता. लढाईवर गेलेल्या मुलाबद्दल तार येते आणि ती तार न उघडता आधी शेगडीवरचं दूध उतरवते. मी मोबाइल पालथा ठेवला. यांच्याबद्दल दवाखान्यातून फोन आला होता, तेव्हा मीही आधी कुकरखालचा गॅस बंद केला होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

वहीतल्या शेवटच्या चार-पाच सिनेमांत ती नुसती बसलेलीच दिसते. डावा हात कधी शालीखाली, कधी टोपलीआड. माझ्या लगेच लक्षात आलं. लकवा झाल्यावर हे पण पाहुण्यांसमोर हात असाच झाकत. शेवटच्या सिनेमात तिला एक शब्दसुद्धा नाही. खिडकीशी बसून ती कुणाकडे तरी पाहून हसते, आणि ते हसूही एकाच बाजूनं येतं.

मी पुण्याला मुलीला फोन लावला. सगळं सांगितलं.

"आई, तू दिवसभर हेच पाहून राहिली का?" ती म्हणाली. "जरा बाहेर जात जा ना. शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला तरी जाऊन ये."

तिची मीटिंग होती. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात पेन्शनच्या कागदासाठी पांढुर्ण्याला गेले. परत येताना बसमध्ये शेजारी माझ्याच वयाची एक बाई बसली. रामाकोन्याची होती, लेकीकडून परत चालली होती. घरी कोण कोण, विचारून झालं. नंतर काय झालं कोण जाणे, मी एकदम बोलून गेले, "माझ्या ओळखीची एक बाई सिनेमात काम करे."

"हीरोइन होती काय?"

"नाही. दार उघडे, चहा देई. पण चांगलं करे."

"मंग आता काय करते?"

"वारली. शेवटी हात चालत नव्हता तिचा. तरी काम करत राहिली."

मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "लय जवळची होती काय तुमच्या?"

"हो," मी म्हटलं. यांच्या तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, तेव्हा मी रडले नव्हते. बसमध्ये मात्र पदर तोंडाला लावून रडले. तिनं जरा सरकून मला नीट बसायला जागा दिली.

सौंसरला मी उतरताना ती म्हणाली, "जपून राहजा, बाई."

घरी येऊन मी एकटीपुरता चहा टाकला. त्या दिवशी सिनेमा लावला नाही.