वस्तादांचा पंचा आणि माझी पावडर

धुण्याच्या पावडरीचा विकतचा पुडा माझ्या घरात आजही येत नाही. सुना हसतात. म्हणतात, "आता कशाला तो उपद्व्याप, दुकानात काय मिळत न्हाय?" मिळू दे की! मी माझी करते, आणि करताना कुणाला विचारत नाही. हे 'न विचारणं' मला सुखासुखी मिळालेलं नाही, म्हणून तर ते सोडवत नाही.

शिवाजी पेठेत आमचं एकत्र कुटुंब होतं. सासरे मी यायच्या आधीच गेलेले, त्यामुळे घराची सूत्रं थोरल्या दिरांच्या हातात. ते तालमीचे वस्ताद. आवाज असा की ते बाहेरच्या सोप्यात खाकरले तरी आत चुलीपुढं आम्ही जावा गप्प व्हायचो. घरातली प्रत्येक वस्तू त्यांच्या कपाटात कुलपात असायची, साबणसुद्धा. साबणाची लांब कांडी यायची, ती ते दोऱ्यानं कापायचे आणि आम्हा दोघी जावांना सारखे तुकडे द्यायचे. वाटणी सारखी होती खरी, पण धुणं कुठं सारखं होतं? माझे मालक उद्यमनगरात लेथवर कामाला. त्यांचे कपडे म्हणजे ग्रीस आणि लोखंडाचा चुरा. माझा तुकडा अर्ध्यातच संपायचा. आणखी मागितला की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, निरोप घेऊन यायच्या, "तो म्हणतोय, साबण खाती काय ती?"

ते ऐकून मी मनाशी ठरवलं, आता मागायचं नाही.

पेठेतल्या महिला मंडळात तेव्हा पावडर करायला शिकवत होते. ऐंशी साल उलटलं होतं, घरोघरी बायका असलं काहीबाही करू लागल्या होत्या. मी जाऊन शिकून आले. अवघड काही नाही. धुण्याचा सोडा परसात कापडावर पसरायचा, त्यावर स्लरी, म्हणजे फेस आणणारं दाट आम्ल, बारीक धारेनं सोडायची आणि लाकडी उलथन्यानं भराभर कालवायचं. सोडा फसफसतो, गरम होतो, नाकातोंडात जातो. शिंकून शिंकून जीव नकोसा होतो. हातमोजे कुठले, दुधाच्या पिशव्या हाताला दोऱ्यानं बांधायच्या. मग मीठ घालायचं, एक रात्र तसंच ठेवायचं आणि सकाळी चाळायचं. स्लरी दिसायला हुबेहूब काकवी. आत्याबाईंनी तर पहिल्याच दिवशी डब्यात बोट घातलं होतं. मी मनगट धरलं म्हणून बरं.

"कसली गं ही काकवी, वास मारतीया?"

"आत्याबाई, ही चाटली तर पोट आतनं धुऊन निघंल!"

पहिल्या पावडरीत मालकांची पँट अशी निघाली की शेजारणीनं विचारलं, नवी घेतली काय? मग तिला थोडी दिली. तिच्या बहिणीला हवी झाली. बघता बघता मी मेणबत्तीवर पिशव्या चिकटवू लागले आणि दुपारी जेवणं उरकली की पिशवी खांद्याला लावून गल्लीगल्लीनं विकू लागले.

आणि तिथंच घोडं अडलं.

आमच्यात धाकट्या भावजयीनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी रीत. पदर डोक्यावर, नजर खाली, आणि काय सांगायचं ते सासूच्या तोंडून. एका संध्याकाळी दीर तालमीतून आले ते तणतणतच. मी दोन हातांच्या अंतरावर भाकरी थापत होते, पण दीर बोलले ते आत्याबाईंशी.

"आये, तिला सांग, हे दुकान आजपासनं बंद. पोरं इचारत्यात, वस्ताद, घरात कारखाना काढला व्हय? मराठ्याच्या घरची बाई दारोदार साबण इकत फिरती, मी तोंड कुठं दावू?"

आत्याबाई माझ्याकडं वळल्या. "ऐकलंस न्हवं? बंद कर म्हणतोय."

"आत्याबाई, त्यांस्नी इचारा, मी इकती का चोरती?"

"ती म्हणती, मी इकती का चोरती."

"मला ऐकू येतंय, आये!"

"मग मला कशाला मधी घालताय दोघं!" आत्याबाई वैतागल्या.

दिरांनी खांद्यावरचा पंचा काढून परसात भिरकावला. तालमीच्या मातीत तेल, ताक, हळद सगळं मुरवलेलं असतं. तो पंचा महिनाभर पैलवानांची अंगं पुसून पुसून ताठ झाला होता. "ह्यो पांढरा करून दाव म्हणावं. न्हाय झाला, तर तो सोडा नि डबा उचलून रंकाळ्यात टाकतो. परत ह्या घरात पावडर व्हायची न्हाय."

मालक रात्री म्हणाले, "जाऊ दे, दादाच्या नादी लागू नको." मी म्हटलं, "तुमची पँट दादांनी धुतली व्हती काय?" ते कूस बदलून झोपले.

सकाळी उजाडायला परसात गर्दी. दिरांबरोबर तालमीतली चारपाच पोरं, भिंतीवरून शेजारपाजारच्या बायका. मी घंगाळात पावडर कालवली, फेस काढला आणि पंचा बुडवला. बुडवला मात्र, पाणी लालभडक! पंचा तर रक्तात भिजवल्यासारखा.

"आयला, वस्ताद! जळला की पंचा!" एक पैलवान ओरडला.

"बघा! बघा हिची पावडर!" दीर असे गरजले की भिंतीवरची मांजर पळाली. "माझा पंचा खाल्ला हिनं!"

 बायका मात्र एकमेकींकडं बघत होत्या, आणि पदराआडून खुसुखुसु हसायला लागल्या. कारण कुठल्या बाईला हे माहीत नाही? लग्नघरातली हळदीची लुगडी कुणी धुतली होती? हळदीला साबण लागला की ती लाल होणारच, आणि स्वच्छ पाण्यात गेली की परत पिवळी. एवढ्या सगळ्या पुरुषांत एकालाही ते ठाऊक नव्हतं, कारण त्यांतल्या एकानंही आयुष्यात स्वतःचा पंचा धुतलेला नव्हता. आमच्या जाऊबाई, नवऱ्यापुढं कधी चकार शब्द न काढणाऱ्या, त्यासुद्धा तोंडात पदर कोंबून हलत होत्या.

मी पंचा उचलला. चोळला, आपटला, खळबळला. लाल गेलं, तेल-माती गेली, पिवळं राहिलं. तारेवर टाकला. हळदीला ऊन सोसत नाही. दुपारपर्यंत पिवळं फिकं होत होत काठाला जरासं उरलं.

दीर जेवायला आले. पंचा हातात घेतला, उलटला, पालटला.  मग काठावर बोट ठेवून आत्याबाईंना म्हणाले, "हे बघ. पिवळं हाय. पांढरा न्हाय झाला. सांग तिला, ठरल्याप्रमाणं डबा बाहीर काढ."

खरं सांगते, तोवर मला वाटत होतं की पंचा पांढरा झाला की सुटले. त्या बोटाकडं बघितल्यावर कळलं, हा पंचा दुधासारखा झाला असता तरी ते बोट कुठंतरी टेकलंच असतं. आत्याबाईंनी माझ्याकडं तोंड वळवलं, पण त्यांनी बोलायच्या आत मीच बोलले. पदर डोक्यावरच होता, नजर मात्र वर.

"भावजी, ठरलं म्हणजे कुणात ठरलं? तुम्ही अट घातली, मी कुठं व्हय म्हटलं व्हतं? पंचा धुवायचा व्हता, धुतला. पावडर मी करणार. डबा रंकाळ्यात टाकलासा तर दुसरा आणीन."

 जाऊबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"आये," दीर म्हणाले, "ही माझ्याशी बोलती?"

"व्हय की," आत्याबाई म्हणाल्या. "आता तूच दे उत्तर. मी दमले."

 दीर ताटावर न बसताच निघून गेले. त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही, आणि पुढं कितीतरी दिवस माझ्या हातचं पाणीसुद्धा त्यांनी घेतलं नाही.  पण दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर मी परसात कापड पसरलं, हाताला दुधाच्या पिशव्या बांधल्या आणि सोडा ओतला. धार सोडायला दुसरा माणूस असला की बरं, पण आजवर मी एकटीच करायचे. डबा धरायला जाऊबाई आपणहून आल्या.

लोक विचारतात, मग परवानगी मिळाली कधी? कधीच नाही. थोरले दीर जाईपर्यंत त्यांनी ती दिली नाही, आणि मी मागितली नाही. पावडर मात्र एकाही आठवड्याची चुकली नाही.