चोरखिसा

आमचे काका भर रस्त्यात लोकांच्या खिशात हात घालायचे. रोह्याच्या एसटी स्टँडवर धाटावच्या कंपनीतला कोणी शिफ्ट सुटून उभा दिसला, की हे मागून जाऊन त्याच्या पँटच्या खिशात हात खुपसत आणि आपली शिवण टिकली आहे का, ते ओढून बघत. एकदा एका नव्या कामगाराने पाकीटमार समजून त्यांची कॉलर धरली. काका म्हणाले, "धर, जोरात धर. ती पण मीच शिवलेली हाय."

पेणला रामवाडीत त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, मशिनी आणि आम्ही जवळच्या गडब गावच्या बायका. धाटावच्या निम्म्या कामगारांच्या अंगावर आमच्या हातचे युनिफॉर्म असत. काका बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, त्यामुळे शनिवारी शेडला कुलूप आणि रविवारी काम. घरी असून बायकोच्या हातचं गरम जेवण मिळत नाही म्हणून माझा नवरा रविवारी धुसफुसायचा. मी ते काकांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, "त्याला सांग गो, पोटभर भांडायला शनवार दिलाय."

त्यांचा खरा हट्ट चोरखिशाचा. प्रत्येक पँटच्या कमरपट्टीला आतून एक छोटा खिसा लावायचाच. तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, घडी केलेली नोट, काहीही मावेल एवढा. कंपनीवाले त्याचे वेगळे पैसे देत नसत. मी कुरकुर केली, तर म्हणत, युनिफॉर्म कंपनीचा असतो, माणसाचं स्वतःचं म्हणून त्यात काहीतरी नको का?

नव्वदनंतर त्यांच्यातलं एकेक घर इस्रायलला निघून गेलं. काकांची दोन्ही मुलंही गेली. काकू सामान बांधायला टेकल्या होत्या, पण काकांचा पाय निघेना. शेवटी त्यांनी काकूंशी करार केला. तिकडच्या कारखान्यांचं युनिफॉर्मचं काम मिळालं, तर पेण सोडायचं नाही, मुलांना वर्षातून एकदा भेटून यायचं. नाही मिळालं, तर निमूटपणे जायचं. तिकडे एका कारखान्यात नोकरीला असलेल्या मेव्हण्याकडे त्यांनी नमुने पाठवले. ते शिवताना आम्ही जीव ओतला. काका गेले तर शेड जाणार, हे आम्हाला न सांगता कळत होतं.

नमुने पसंत पडले. काकांनी शेडमध्ये पेढे वाटले आणि म्हणाले, "आता शेड चालू ठेवतो गो." मग तिथल्या मालकाने मेव्हण्याला विचारलं, हा आतला खिसा कसला? मेव्हणा जन्माने रोह्याचा, सरळ माणूस. त्याने मराठी शब्दाचं त्यांच्या भाषेत जसंच्या तसं भाषांतर केलं: चोराचा खिसा. मालकाला वाटलं, यातून कामगार माझाच माल पळवणार!

एसटीडी बूथवर काका फोनमध्ये मेव्हण्याला तळमळून सांगत होते, "अरे, चोरखिसा चोरासाठी नसतो, चोरापास्नं जपायसाठी असतो." बाहेर उभ्या असलेल्या मला आधी हसूच आलं. काका बाहेर आले आणि त्यांचा चेहरा बघून ते जिरलं. पुढचे काही दिवस ते स्वतः ब्लेड घेऊन खिसे उसवत बसले. बिनखिशाचे नमुने पोचेपर्यंत काम दुसऱ्या कोणाला गेलं होतं.

काकांनी करार पाळला. मशिनी आम्हा बायकांत वाटून टाकल्या. निघायच्या दिवशी आम्ही साऱ्या जीपपाशी जमलो. काकू एकेकीला कवेत घेऊन रडल्या. काका पुढे बसले आणि म्हणाले, "जातो गो बायांनो."

"काका, जातो नाय म्हणू. येतो म्हणा," मी म्हटलं.

"नाय गो. शेड चालू ठेवतो म्हणालेलो, तो एक शब्द खोटा पडला. आता दुसरा कशाला देऊ?"

जीप हायवेला लागली. निघताना माणसाने एवढं खरं बोलू नये. त्या दिवशी मला काकांचा फार राग आला. अजून येतो.