ओहळाची ओटी

मखमलाबादच्या रंगूबाईला ओटी भरल्याशिवाय सुरू केलेलं कुठलंही यंत्र खपत नसे. तिने ट्रॅक्टरची ओटी भरली होती, बोअरच्या मोटारीची भरली होती, आणि शेजारच्या मळ्यात माती उपसायला आलेल्या जेसीबीची तर दोनदा भरली होती, कारण पहिल्या वेळी ड्रायव्हरने मध्येच बकेट हलवलं आणि नारळ चिखलात गेला. रस्त्याकडेला नवी डीपी बसली तेव्हा वायरमन ओरडला, मावशी, हात लावू नका. मावशीने हात लावला नाही. लांबूनच अशी नेम धरून कुंकवाची चिमूट मारली की ती बरोबर धोक्याच्या कवटीच्या कपाळावर बसली. फुलबाजाराजवळ पैसे काढायचं मशीन आलं, तिथे मात्र वॉचमनने तिला आत जाऊ दिलं नाही. ते मशीन पुढे कायम बंदच असायचं आणि रंगूबाईला त्याचं जराही नवल वाटलं नाही.

घरचा धंदा फुलांचा. झेंडू, शेवंती, दसरा-दिवाळीत मान वर करायला फुरसत नाही. नवरा वाळू दिवसभर झेंडूत असायचा आणि माणसांपेक्षा झेंडूशीच जास्त बोलायचा. मुलगा राज अंबडच्या कारखान्यात पाळीवर. राहता राहिली सून निकिता. ती इंजिनिअर होती आणि तिचं काम हरसूलच्याही पलीकडे, घाटाच्या दाट रानात चाललं होतं. सोमवारी पहाटे जायची ती शनिवारी रात्री उगवायची, तीही चिखलाचे बूट आणि जळवांच्या गोष्टी घेऊन. आल्यावर दोघी ओट्याशी बसून उशिरापर्यंत गप्पा मारत. रंगूबाईला सून फार आवडायची. हे तिने सुनेला कधी सांगितलं नव्हतं, त्याऐवजी ती दर शनिवारी म्हणायची, "एवढी शिकलीस, तर नाशकात एक टेबल-खुर्ची नाय का मिळत तुला?"

निकिताचं काम असं होतं. रानात वाघदरा नावाचा एक पाडा. विजेच्या तारा तिथवर पोचल्या होत्या, पण पावसाळ्यात तारेवर झाड पडलं की महिना महिना अंधार. पाड्याच्या वर मात्र बारमाही ओहळ. त्यावर निकिताने छोटं वीजघर बांधलं होतं. धरण नाही, काही नाही. ओहळाला झेपेल तेवढंच पाणी बाजूला घ्यायचं, टाकीत आणायचं, जाळीतून गाळून नळाने खाली चक्रावर सोडायचं, आणि चक्र फिरवून झालं की पुन्हा ओहळात. माशांना वर चढायला पायऱ्या ठेवल्या होत्या. एकही झाड तोडलं नव्हतं. नळच झाडांना वळसे घालत खाली आला होता. एका जांभळाला तर इतका मोठा वळसा की ते ऐकून रंगूबाई म्हणाली, एवढा मान तर आमच्याकडं जावयालाबी नाय.

चाचणीच्या दिवशी रंगूबाई दोन पाट्या झेंडू घेऊन बोलेरोतून वाघदऱ्याला आली. नाशिकहून साहेब येणार होते. पाड्याची पिठाची गिरणी आणि घरोघरचे दिवे संध्याकाळपर्यंत न थांबता चालले तर वीजघर पास, आणि पुढच्या घाटातली आणखी दोन निकिताकडेच. नाही चाललं तर सामान उचलायचं. निकिताने सासूला बघितलं, पाट्या बघितल्या, आणि पाटीखाली लपवलेली पिशवीही बघितली.

"आई, टाकीत काही टाकायचं नाही. फूल नाही, नारळ नाही, तांदळाचा दाणा नाही."

"टाकीत नाय टाकणार," रंगूबाई म्हणाली, आणि तिने शब्द पाळला. ती फुलाबाईला, म्हणजे जिच्या अंगणात साहेबांचा मांडव घातला होता त्या बाईला, बरोबर घेऊन टाकीच्या बरंच वर, जिथे ओहळ नुसता ओहळ होता, तिथे गेली. "टाकी वेगळी, ओहळ वेगळा," ती म्हणाली, "आणि पाणी म्हंजे बाईमाणूस. जिच्याकडून काम करून घ्यायचं तिला रिकाम्या हातानं कसं बोलवायचं?"

फुलाबाईला हे एकदम पटलं. तिने पाड्यातल्या सगळ्या बायांना हाक मारली, आणि प्रत्येकीने आपापल्या पेटीतून ब्लाउजपीस काढलं. आता ब्लाउजपीस ही गोष्ट आपल्याकडे कुणी शिवायला घेत नाही, फिरवायला घेतं. एका हळदीकुंकवात आलेलं दुसऱ्या बारशात जातं. रंगूबाईकडे एक होतं, जर्द पिवळं, त्यावर जांभळे पोपट. ते तिला पिंपळगावच्या नणंदेने दिलं होतं, तिने ते विहिणीला दिलं, आणि तेव्हापासून ते चार वेळा फिरून तिच्याच पदरात आलं होतं. त्यातून सुटायची अशी संधी पुन्हा कुठली? तिने पोपटांना हात जोडले आणि ते पाण्यात सोडलं. मागोमाग सगळ्या पाड्याने वर्षानुवर्षांचा साठा भक्तिभावाने मोकळा केला. वरून रंगूबाईच्या पिशवीतले नारळ आणि दोन पाट्या झेंडू.

खाली साहेब भाषणाला उभे होते. जाळीवर लक्ष ठेवायला नेमलेला गोटीरामही टाकी सोडून खाली आला होता, कारण भाषणानंतर जेवण होतं. साहेब म्हणाले, "निसर्गाला न दुखावता," आणि गिरणीचा सूर उतरला. ते म्हणाले, "अखंड प्रकाश," आणि दिवे लालसर झाले. मग माइक घरघरला आणि गप्प झाला. साहेब आणखी थोडा वेळ नुसतेच ओठ हलवत राहिले.

निकिता वीजघरात धावली. चक्र उघडलं, बोल्ट काढले, कोपरापर्यंत ग्रीस माखून घेतलं. चक्रात काहीच बिघाड नव्हता. जाळी साफ असल्याचं गोटीरामने, जेवण चुकू नये म्हणून, न बघताच सांगून टाकलं. रंगूबाईला वर सोडलेली ओटी आठवली. ती गुपचूप टाकीकडे चढली.

जाळी कुठे दिसतच नव्हती. हिरवे, गुलाबी, बुट्ट्यांचे, जरीकाठाचे, सगळ्या जिल्ह्याचे ब्लाउजपीस तिथे एकावर एक चिकटून बसले होते, मध्ये नारळ अडकले होते, आणि फटींत झेंडू ठासून भरला होता. सगळ्यांत वर, पंख पसरून, जांभळे पोपट. पाणी बिचारं टाकीवरून सांडून जात होतं.

रंगूबाईने पोपटांकडे पाहिलं. तिला सगळं समजलं, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट समजली. आपण गप्प बसलो तर सून घरी येते. साहेब मघाशीच मांडवात म्हणाले होते, रानातल्या पाण्याचा काय भरवसा, मॅडमसाठी नाशिकच्या ऑफिसात एक टेबल रिकामं आहे. टेबल. खुर्चीसकट. रोज संध्याकाळी निकिता घरात, गरम भाकरी, ओट्याशी गप्पा. वाळू काय, तो झेंडूशी बोलेल. रंगूबाईने इकडेतिकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि काहीच न पाहिल्यासारखी खाली येऊन मांडवात बसली. आयुष्यात पहिल्यांदाच ती इतका वेळ गप्प बसली होती, त्यामुळे फुलाबाईने तिला पाणी आणून दिलं.

निकिता वीजघरातून बाहेर आली. गालावर ग्रीस, आणि बाहीने पुसायला जावं तर बाहीलाही ग्रीस. ती साहेबांसमोर उभी राहिली.

"चूक माझी आहे, सर. पाण्याचा अंदाज मी बांधला होता. तो चुकला."

हे ऐकून रंगूबाईने पेला खाली ठेवला. या पोरीने भर पावसात, जळवा झटकत पाणी मोजलं होतं. आणि आता चूक तिची? रंगूबाईला स्वतःचा इतका राग आला की ती उठलीच.

"तिची नाय चूक," ती म्हणाली. "माझी हाय. चला वर, दाखवते."

साहेब वर निघाले. त्यांचे बूट ऑफिसातले. पहिल्या वळणावर ते घसरले, दुसऱ्यावर बसले, आणि जांभळापाशी त्यांनी नळालाच मिठी मारली. टाकीपाशी पोचल्यावर त्यांनी ते सगळं पाहिलं आणि जाळीकडे बोट दाखवलं.

"हे काय आहे?"

"ओटी," रंगूबाई म्हणाली.

बाया पाण्यात उतरल्या. एकेक ब्लाउजपीस निघालं तसं कुणाचं कुणी कुणाला दिलं होतं तेही निघालं, आणि दोन-तीन जुनी भांडणं तिथेच उकरली गेली. "हे मी तुला दिलेलं," फुलाबाई एकीला म्हणाली, "आणि तू ओहळात टाकलंस?" शेवटचा नारळ निघाला तसं पाणी नळात गडगडत गेलं, आणि खालून गिरणीचा सूर चढत चढत आला. साहेब हसले. ते जोरात हसत होते, आणि पाय पाण्यात गेलेत हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

निकिता मात्र हसली नाही. "आई, मी सांगितलं होतं."

"टाकीत नाय टाकलं मी."

"म्हंजे आता आमी ओहळाला काय द्यायचंच नाय?" फुलाबाईने विचारलं. सगळ्या बाया निकिताकडे पाहू लागल्या. हा प्रश्न काही कॉलेजात शिकवलेला नव्हता. मग रंगूबाईच पुढे झाली.

"चुकलंच आपलं. घरी आलेल्या बाईची ओटी ती आल्या आल्या भरतो का आपण? ती निघताना भरतो. पाणी वीजघरात येतं, चार कामं करून देतं, आन खालच्या तोंडानं जातं. तिथं भरायची. दगडावर पसाभर तांदूळ ठेवायचे, फूल ठेवायचं. कापड नाय, नारळ नाय."

निकिताने क्षणभर विचार केला. "खालच्या तोंडाशी चालेल," ती म्हणाली. बायांनी माना हलवल्या.

संध्याकाळपर्यंत सगळे दिवे एकसारखे जळले, आणि मधला खंड साहेबांनी ओटीच्या खात्यावर टाकला. चहा घेता घेता साहेबांनी निकिताला विचारलं, "पुढची दोन तुम्हीच करायची. पण मुक्काम इथेच लागेल, दोनेक वर्षं, शनिवार-रविवारही घरी जाता येईलच असं नाही. घरच्यांची काही अडचण?" निकिता उत्तर द्यायच्या आधी सासूकडे पाहू लागली.

रंगूबाईचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं आणि डोळेही काही कोरडे नव्हते. "घरच्यांची कसली अडचण?" ती साहेबांना म्हणाली. "करंल ती."

बोलेरो निघायची वेळ झाली तेव्हा तिला परत एकटीनेच जायचं होतं. ती चढणार एवढ्यात निकिता वीजघरातून पळत आली. तिच्या हेल्मेटात तांदूळ होते, पाड्याच्या जेवणाचे उरलेले, आणि एक नारळ, मघाशी जाळीतूनच निघालेला. जिने जन्मात कुणाची ओटी भरली नव्हती तिने फुलाबाईला विचारून विचारून, आधी काय आणि मग काय, सगळं नीट केलं.

"पदर धरा, आई. निघताना भरतात ना?"

रंगूबाईने पदर धरला. म्हणजे आता हे हिचं घर, आणि आपण इथल्या पाहुण्या, हे तिच्या ध्यानात आलं. सुपारी मिळाली नव्हती म्हणून निकिताने एक लोखंडी नट घातला होता. त्याला ग्रीस होतं आणि पदराला मोठा काळा डाग पडला. एरवी रंगूबाईने आख्खा पाडा डोक्यावर घेतला असता. तिने गाठ मारली, नट आत आहे ना हे चाचपून पाहिलं, आणि ड्रायव्हरला म्हणाली, "हळू घे. ओटीतलं सांडंल."