डबा घरीच उघडायचा

एमिल झाटको हेकेखोर माणूस. ओहायो नदीकाठच्या आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पोलादाच्या कारखान्यात भट्टीपुढे त्याचा जन्म गेला, आणि तिथली शिस्त त्याने घरात आणून ठेवली. जी गोष्ट जशी करायची ती तशीच, त्यात इकडचं तिकडे चालायचं नाही. शुक्रवारी फिलोमिनाच्या दुकानातून पिझ्झा घ्यायचा आणि डबा घरीच उघडायचा, हा तर त्याच्या बापाच्या वेळचा नेम.

आमच्याकडचा पिझ्झा भट्टीतून निघतो तेव्हा त्यावर नुसता टोमॅटोचा रस असतो. चीज शेवटी घालतात, किसलेलं, गारच्या गार, मुठी भरभरून. मग लगेच झाकण बंद. घरी जाईस्तोवर आतल्या वाफेने ते अर्धंमुर्धं वितळतं. बाहेरचे लोक हसतात. हसोत बापडे! वाटेत झाकण उघडणाऱ्याला आम्ही अर्धवट समजतो. एमिलच्या बापाने त्यापायी पोरांच्या कानाखाली वाजवलेल्या आहेत.

त्याची बायको व्हर्ना जिभेने तिखट आणि खाण्याची भारी हौशी. प्रत्येक गावाचा पिझ्झा निराळा असतो, गाडी काढू आणि एकेक खाऊन बघू, असं ती लग्नापासून म्हणत होती. आधी एमिलच्या कारखान्यातल्या पाळ्या आडव्या आल्या. मग तो कारखानाच बंद पडला. मग तिचे गुडघे गेले. आणि सगळं जरा मार्गी लागतंय म्हणेस्तोवर तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी हात टेकले, म्हणाले, त्यांना काय हवं ते खाऊ द्या. व्हर्ना दवाखान्याबाहेर गाडीत बसली आणि म्हणाली, "आता तरी नेशील का रे, म्हाताऱ्या?"

एमिलने नेलं. मागच्या सीटवर उशा आणि औषधं, पुढे ती, घोंगडीत गुंडाळलेली. आधी पूर्वेकडचं खाणकामगारांचं गाव, तिथे चौकोनी ताटातला जाड पिझ्झा. मग पार समुद्रापर्यंत, न्यू हेवनला, तिथला बुडाला काळा पडेस्तोवर भाजलेला. एमिलने असा करपवला असता तर मी महिनाभर बोलले नसते, असं तिने तिथल्या पोरीला ऐकवलं. पण स्वतः घास घ्यायची, चघळायची आणि हळूच रुमालात काढून ठेवायची. घशाखाली काही उतरत नव्हतं. उरलेला सगळा एमिल खायचा. दुकानदाराला वाईट वाटू नये म्हणून खायचा, आणि तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही म्हणूनही.

परतताना आल्टूना लागलं. तिथे पिझ्झ्यावर पिवळ्या चीजचा चौकोनी काप चिकटवून देतात. व्हर्नाने तो काट्याने उचलून बघितला आणि विचारलं, हे शिक्षा म्हणून देतात काय? आणि हसली, आणि हसता हसता कळ येऊन दुमडली. जरा सावरल्यावर तिने त्याचा हात धरला.

"पुरे झालं, एमिल. घरी चल. फिलोमिनाचा उतरेल माझ्या घशाखाली. तेवढा एक खाऊ दे मला."

एमिलने मग गाडी कुठे थांबवली नाही. व्हर्नाने पोटभर नको, चार घास तरी गिळावेत, याखेरीज त्याला देवाकडे काही मागायचं नव्हतं. दुपार कलताना तो दुकानापाशी पोचला. काचेतून व्हर्नाचा चेहरा दिसताच फिलोमिना हात पुसत बाहेर आली आणि डबा तिने स्वतः आणून व्हर्नाच्या मांडीवर ठेवला.

घर पुलापलीकडे, टेकाडावर. नेमकं पुलाचं काम चाललेलं, एकच बाजू चालू. गाडी रांगेत अडकली.

"उघड ना रे," व्हर्ना म्हणाली. "वास सुटलाय. भूक लागलीय मला."

भूक! हा शब्द तिच्या तोंडून कित्येक आठवड्यांत आला नव्हता. दुसऱ्या कुणी तिथल्या तिथे झाकण फाडलं असतं. पण एमिलच्या हाडात मुरलेलं ते कुठे जातंय? आणि खरं सांगायचं तर त्याच्या पोटात माया होती. इतक्या गावांत तिच्या तोंडाला काही लागलं नव्हतं, हा एक तरी बिघडू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

"पाच मिनिटं थांब," तो म्हणाला. "आता उघडलं तर चीज गारच राहील. मग म्हणशील, याचीसुद्धा चव गेली."

"अगदी बापावर गेलायस," ती म्हणाली. भांडली मात्र नाही. दोन्ही तळवे तिने झाकणावर ठेवले, ऊब बरी वाटतेय म्हणाली, आणि मान सीटला टेकवली.

रांग सुटली. तिचे डोळे मिटलेले बघून त्याला वाटलं, डोळा लागला. झोपमोड नको म्हणून टेकाडावर त्याने गाडी बैलगाडीसारखी हाकली. दारात पोचल्यावरही तिला उठवलं नाही. आधी आत गेला, टेबल पुसलं, दोन ताटल्या मांडल्या, तिच्या खुर्चीवर उशी ठेवली. मग तिला न्यायला बाहेर आला.

तिचे हात झाकणावर तसेच होते. डबा कोमट होता, हात नव्हते. त्याने हाका मारल्या, गाल थोपटले, पुन्हा हाका मारल्या. शेजारची मंडळी धावून आली तेव्हा तो गाडीच्या दाराशी गुडघ्यांवर बसला होता आणि झाकण उघडून आत बघत होता. चीज अगदी हवं तसं वितळलं होतं.

आजही तो शुक्रवारी फिलोमिनाकडे येतो. डबा घेतो आणि दुकानातच, तिच्यासमोर, झाकण उघडतो. गारढोण चीज हनुवटीवरून सांडत असतं, आणि तो उभ्यानेच खातो. नवीन कुणी असला तर हसायला जातो. आम्ही त्याला डोळ्यांनीच दटावतो.